घसा बसला

हजेरीच्या वहीत चार रकाने:
नाव, आवाज, हजर की गैरहजर,
आणि शेवटचा, सगळ्यांत रुंद: कारण.

उगाल्दे बंदराच्या गायनमंडळाची ही वही
अँकोवी खारवायच्या वखारीत, वरच्या मजल्यावर सुरू झाली.
पहिली पानं अजून दमट होतात सिरिमिरी लागली की.
जीभ लावली तर खारट लागतील.
मी लावून पाहिलेली नाही, असं सांगते.

सुरुवातीला सगळे पुरुष.
कारण: समुद्र. कारण: समुद्र.
कारण: समुद्र, आणि पुढच्या गुरुवारी
त्या नावासमोर नुसती रेघ.
एका हिवाळ्यानंतर आवाज उरले नऊ,
तेव्हा खाली मासे साफ करणाऱ्या बायकांना वर बोलावलं.
‘तात्पुरतं’ असं लिहिलंय, खाली दोन रेघा मारून.
ते तात्पुरतं अजून चालू आहे.

मग संप. मग आघाडी.
मग एका पानावर ‘आज विमानं, सराव’
एवढंच, क्रियापद राहिलेलं.
पुढची पानं कोरी नाहीत,
पानंच नाहीत.
कुणी फाडली, हे आमच्याकडे विचारत नाहीत.

नवी वही सरकारी शिक्क्याची.
चिटणीस बालेंडिन, औषधाच्या दुकानातला कारकून,
अक्षर असं की विषाची बाटलीसुद्धा भरवशाची वाटावी.
स्पॅनिशमध्ये लिहायचं, लॅटिनमध्ये गायचं,
आणि आपल्या भाषेत
ओठ मिटून गुणगुणायचं.
शेवटच्या रांगेतल्या शिपायाला चाल ओळखू यायची,
(त्याची आईही इथलीच)
पण गुणगुणण्यावर कलम नव्हतं.

त्या वहीत, एका नोव्हेंबरात,
एकाच आठवड्यात अकरा जणांचा घसा बसला.
माझी आत्या ब्रिजिदा, सोप्रानो:
कारण: घसा बसला.
पुढच्या गुरुवारी: घसा बसला.
दोनशे सतरा गुरुवार.
नाव खोडलं असतं तर एका रेघेत भागलं असतं.
त्यानं खोडलं नाही.
मी मोजलेत, एक दुपार घालवून,
एकदाही त्यानं ‘वरीलप्रमाणे’ लिहिलेलं नाही.

आत्या परत आली तेव्हा
तिचा घसा खरोखरच बसलेला होता.
दुसऱ्या रकान्यात सोप्रानोवर काट, शेजारी आल्टो.
बालेंडिनच्या सगळ्या वह्यांत
ही एकच खाडाखोड.

शब्दांची परवानगी मिळाली त्या रात्री
चर्च माणसांनी फुटायला आलेलं,
आणि निम्म्यांनी ओठ उघडलेच नाहीत.
विसरले होते की सवय जडली होती, देव जाणे.
दुसरं कडवं फक्त पोरांनी म्हटलं, कागदावर बघून.

पुढे पोलादाचा कारखाना बंद पडला
आणि हजेरी वाढली.
गुरुवारी कुठं जायचं हा प्रश्नच नव्हता कुणाला.
त्या वर्षीसारखे टेनर पुन्हा झाले नाहीत.
त्याच सुमारास दोन बास
एकमेकांशेजारी उभे राहीनासे झाले.
एकाच्या मेहुण्याला गोळी लागली होती,
दुसऱ्यानं स्मशानात टोपी काढली नव्हती.
मध्ये एक खांब होता, तो कामी आला.
रकान्यात हे मावलं नसतं.

आता वही माझ्याकडे.
लोक कारणं फोनवर पाठवतात, बरीचशी नुसता अंगठा.
आल्टोत सिओमारा आहे, निकाराग्वाची,
रात्री म्हाताऱ्या शांतीला सांभाळते.
आमचे शब्द आपल्या स्पेलिंगात उतरवून घेते
आणि प्रत्येकाचा अर्थ विचारते.
दोन शब्दांचा आम्हालाही सांगता आला नाही.
तिचे कागद अजून व्हायचेत.

परवाच्या गुरुवारी ती आली नाही.
निरोप आला: घसा बसलाय.

पेन उघडं ठेवून बसले.
मग वही मिटली, जिन्यात जाऊन फोन लावला.
बराच वेळ वाजला.
उचलल्यावर ती आधी खोकली, मग हसली,
आल्याचा रस घेतेय म्हणाली, मध घालून.

वर आले. लिहिलं.